गादीवर खुर्ची

ग्वाल्हेर,
२४ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप आत्याआजी,

साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र गौरी आल्या त्या दिवशी मिळालं. कानातलं नवं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून तुम्ही ते डब्यात घालून कपाटात ठेवलंत, हे वाचून बाबा खूप हसले. पण तुमच्याशी फोनवर बोलता येत नाही याचं त्यांना वाईट वाटतं. मला मात्र पत्र लिहायला आवडतं. दिवसभर इंदरगंजातल्या ऑफिसात वकीलसाहेबांच्या नोटिसा हिंदीत टाइप करते. तुम्हाला लिहिताना तेवढंच मराठी हाताला लागतं.

या वर्षी मंडळानं गणेशोत्सवातली दोन कीर्तनं मला दिली. तुम्ही मिरजेला गेल्यापासून, मतलब अडीच वर्षांत, आपल्या घरातलं कुणी गादीवर उभं राहिलं नव्हतं. त्यामुळे आई-बाबा पहिल्या रांगेत, नवे कपडे घालून, माझ्यापेक्षा जास्त घाबरलेले. पेटीला आपले मुकुंदरावच होते. तुम्ही नेसायचात तसं मोरपंखी नऊवारी नेसले. पहिल्या दिवशी पूर्वरंगात जरा घाई झाली. निरूपण दहा मिनिटं आधीच संपलं आणि मग अभंगाची ओळ उगाच घोळवत बसले. दुसऱ्या दिवशी नीट झालं. लोकांना आवडलं असावं. संग्रामसिंहकाकांनी हार घातला, आणि अध्यक्ष म्हणून दत्तजयंतीचं कीर्तनही मलाच दिल्याचं तिथेच सांगून टाकलं.

बाकी सगळं ठीक. जास्त वेळ उभं राहिलं की पाठ थोडी भरून येते, पण ती कुणाची येत नाही?

एक विचारायचं होतं. माझी एक मैत्रीण आहे, अश्लेषा. उज्जैनला असते, तीही कीर्तन शिकते. तिला पाठीचा त्रास आहे. तिनं विचारलंय की बसून कीर्तन केलं तर चालतं का? मतलब, शास्त्राला धरून. मी म्हटलं, आमच्या आत्याआजींना विचारून सांगते.

तब्येतीला जपा. तुमची काळजी घेणाऱ्या पुष्करकाकांना नमस्कार.

तुमची,
सीमंतिनी


मिरज,
८ ऑक्टोबर २०२४

चि. सीमंतिनी,

खूप मोठी हो, आणि पत्रात 'मतलब' लिहिणं सोड. एका पत्रात दोनदा आलाय.

तू मोठी लबाड आहेस. म्हणे 'लोकांना आवडलं असावं'! इकडे शालिनीताईंचं चार पानी पत्र येऊन पडलंय. देवळातलं पान हललं तरी ती बाई मला कळवते, आणि तू एवढी मोठी गोष्ट गिळून बसलीस. त्या लिहितात, दुसऱ्या दिवशी पूर्वरंग संपला, तुला बुक्का लावला, संग्रामसिंह हार घेऊन पुढे आले. तू हारासाठी वाकलीस आणि तशीच राहिलीस. डोळ्यांतून धारा आणि तोंडातून शब्द नाही. मुकुंदराव पेटीवर तोच सूर धरून बसले. दहा मिनिटं सगळा मंडप स्तब्ध. आणि मग एकेक जण उठून तुझ्या पाया पडला, ऐंशी वर्षांचे म्हातारेसुद्धा. 'पोरीला भाव आला हो दुर्गाबाई,' असं त्यांनी दोनदा लिहिलंय आणि दोन्ही वेळा खाली रेघ मारलीय.

सिमू, आमच्या बुवांना, माझ्या गुरूंना, असं आयुष्यात दोनदा झालेलं मी पाहिलं. मी पन्नास वर्षं गादीवर उभी राहिले, मला एकदाही झालं नाही. टाळ्या मिळाल्या, साड्या मिळाल्या, भाव काही आला नाही. खरं सांगते, शालिनीताईंचं पत्र वाचून ऊर भरून आला आणि थोडं पोटातही दुखलं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मत्सर शोभत नाही, पण झाला. आता ओसरला. तू सांगितलं नाहीस तेही बरोबरच केलंस म्हणा. असल्या गोष्टी आपल्या तोंडानं सांगायच्या नसतात.

आता रागवायचं ते रागावते. पुष्करनं मोबाइलवर तुझं पहिल्या दिवसाचं कीर्तन दाखवलं. मला ऐकू येत नाही, म्हणून नुसतं बघितलं, आणि बघितलं म्हणूनच सांगते. उभी कशी राहतेस ग तू? डावा खांदा खाली, उजवी बाजू वर, सगळा भार एका पायावर. चार वर्षं रोज संध्याकाळी तुझ्या कमरेला माझा शेला आवळून बांधत होते, ताठ उभी राहावीस म्हणून. सगळं पाण्यात गेलं की काय? आपण त्या वेळी नारदांच्या गादीवर असतो. थोरामोठ्यांनी आपल्या पाया पडायचं ते त्या गादीसाठी. तिथे पोक काढून उभं राहणं बरं नव्हे.

आणि तुझ्या त्या उज्जैनच्या मैत्रिणीला सांग, बसून सांगतो तो प्रवचनकार. कीर्तनकार उभा असतो. आमचे बुवा ताप अंगात असताना दोन तास उभे राहत. पाठ दुखत असेल तर प्रवचन कर म्हणावं, त्यात काही कमीपणा नाही. पण त्याला कीर्तन म्हणू नये.

दत्तजयंतीला काय आख्यान लावतेस ते कळव. ताठ उभी राहा.

आशीर्वाद,
दुर्गाआत्या


ग्वाल्हेर,
५ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप आत्याआजी,

साष्टांग नमस्कार लिहायला घेतला आणि थांबले. तो मला आता घालता येत नाही. खाली जाता येतं, वर येता येत नाही.

मला भाव आला नव्हता. माझी पाठ धरली होती.

महिनाभर हे वाक्य कसं लिहू याचाच विचार करत होते. दिवाळी होऊन गेली. हारासाठी वाकले तेव्हा कमरेत उजवीकडे कळ आली आणि ती थेट पायात गेली. मग तो पाय माझा राहिलाच नाही. श्वास घेतला तरी कळ यायची, म्हणून मी श्वास धरून ठेवत होते, म्हणून तोंडातून शब्द नाही. धारा कशाच्या होत्या ते तुम्हाला आता कळलंच असेल. मान खाली, त्यामुळे मला फक्त जमीन दिसत होती. मग तिथे हात यायला लागले. शालिनीताईंच्या हिरव्या बांगड्या ओळखल्या, संग्रामसिंहकाकांची अंगठी ओळखली, बाबांचा हातसुद्धा आला. आत्याआजी, एवढी माणसं माझ्या पायांना हात लावून गेली आणि त्यातल्या एकानंही विचारलं नाही, 'बेटा, काय झालं?' हळूहळू कळ ओसरली आणि मी उभी झाले, तर सगळ्यांचे डोळे ओले. तेव्हा खरं कसं सांगायचं होतं? मी उत्तररंग केला आणि घरी आले.

मार्चमध्ये एक्स-रे काढला होता. माझा कणा सरळ नाही. आधी उजवीकडे जातो, मग खाली डावीकडे वळतो. बेचाळीस अंशांचा बाक आहे. डॉक्टर म्हणाले, हा आजचा नाही, वाढत्या वयात आला असणार. आता वाढ संपली, त्यामुळे पट्टा बांधून सरळ होणार नाही. व्यायाम करायचा, दर सहा महिन्यांनी फोटो काढायचा, बाक पन्नासच्या वर गेला तर ऑपरेशनचा विचार. 'और घंटों खड़े रहने वाला कोई काम हो तो छोड़ दो.' आई पटकन म्हणाली, 'नहीं नहीं, ऑफिस का काम है.' रिक्षात बसल्यावर मला म्हणाली, 'हे कुणाला सांगू नको हं. स्थळं येऊन राहिलीत.' बाबांना तिनं 'कॅल्शियम कमी आहे' असं सांगितलंय. ते रोज दुधाचा पेला हातात देतात.

मी वीस मिनिटं उभी राहू शकते, मग मुंग्या येतात. पंचवीस मिनिटांनी दात आवळायला लागतात. कीर्तन दोन तासांचं. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत फायलींच्या खोलीत वर्तमानपत्र अंथरून जमिनीवर पडते. दार लावून घेते. बाकीच्यांना वाटतं मी घमेंडी आहे, त्यांच्यात जेवत नाही. नया बाजारातल्या शिंपिणीला मात्र माप घेतानाच कळलं. ब्लाउज द्यायच्या वेळी हळूच म्हणाली, 'दीदी, एक तरफ रुई भर दी है. किसी को पता नहीं चलेगा.' एवढ्या मोठ्या गावात तेवढं एक माणूस माझ्याशी माझ्या पाठीबद्दल बोललंय.

अश्लेषा नावाची माझी कुणी मैत्रीण नाही. तो प्रश्न माझाच होता.

आणखी एक. तुम्ही गेलात त्याच्या आधीच्या रामनवमीला मी तुमच्या मागे झांज घेऊन साथीला होते. तुमचा सूर खाली उतरला होता. मला वाटलं तुम्हाला मदत होईल, म्हणून मी मोठ्यानं वरच्या सुरात ओढत राहिले. कीर्तनानंतर तुम्ही म्हणालात, 'माझ्या पुढे गातेस?' त्यानंतर मला शिकवलं नाहीत आणि दोन महिन्यांत मिरजेला निघून गेलात. तेव्हापासून मला वाटतं की मी तुम्हाला घरातून घालवलं. तुम्ही गेल्यावर तो शेला मी रोज स्वतःच बांधत होते, तुमच्यासारखाच आवळून. मला वाटलं होतं, अजून घट्ट बांधला तर सरळ होईन.

आत्याआजी, दत्तजयंतीला मी बसून कीर्तन करू का? तुम्ही हो म्हणालात तर मंडळाशी मी बोलते. तुम्ही नाही म्हणालात तर नाही. मला तुमच्याशिवाय विचारायला कुणी नाही.

तुमची,
सीमंतिनी


ग्वाल्हेर,
४ डिसेंबर २०२४

तीर्थरूप आत्याआजी,

महिना झाला, तुमचं पत्र नाही. पुष्करकाकांना फोन केला तर म्हणाले, 'तुझं पत्र पोचलंय, त्यांच्या उशीखाली असतं. तब्येत बरी आहे, बोलत नाहीत फारशा.' म्हणजे तुम्ही वाचलंत. तुमचा राग समजते मी. तुमच्या बुवांना आयुष्यात दोनदा आलेली गोष्ट मी कमरेच्या दुखण्यानं खोटी करून टाकली.

इकडे मंडळानं दत्तजयंतीचं पत्रक छापलंय. माझ्या नावाच्या वर लिहिलंय, 'भावसमाधीचा प्रत्यक्ष अनुभव'. मुरारहून, थाटीपूरहून लोक येणार म्हणतात. परवा पाटणकर बाजारात शालिनीताई भेटल्या. माझा हात डोळ्यांना लावून म्हणाल्या, 'या वेळी मी अगदी पुढे बसेन हो.' मी बरं म्हटलं.

थंडी पडली आहे, त्यामुळे सकाळी कूस बदलायलाच पाच मिनिटं लागतात. आई गरम पाण्याची पिशवी देते आणि दार ओढून घेते, बाबांना दिसू नये म्हणून.

तुम्ही काहीच लिहिलं नाहीत त्याचा अर्थ 'नाही' असाच घेते. चौदा तारखेला उभी राहीन.

सीमंतिनी


मिरज,
६ डिसेंबर २०२४

चि. सिमू,

महिनाभर तुला ताटकळत ठेवलं. रागानं नाही, भीतीनं. तू लिहिलंस ना, की शेला आवळून बांधत होतीस. ते वाचलं आणि माझ्या मनानं घेतलं की तुझा कणा मीच वाकवला. वाढत्या वयाच्या पोरीला चार वर्षं रोज करकचून बांधत होते. तू रडलीस तरी सैल केला नाही. आता त्या पोरीला 'बस' म्हणायचं की 'ऊठ' म्हणायचं, मला कुठलाच अधिकार वाटेना. पेन उचलायचं आणि ठेवून द्यायचं, असे दिवस गेले.

शेवटी परवा पुष्करला म्हटलं, मला हाडांच्या डॉक्टरकडे ने. त्याला वाटलं माझे गुडघे. मी डॉक्टरांना सगळं सांगितलं आणि ऐकू येत नसल्यामुळे त्यांच्यापुढे कागद सरकवला. त्यांनी लिहून दिलेली चिठ्ठी सोबत ठेवली आहे, जपून ठेव: 'शेल्याने कणा वाकत नाही आणि सरळही होत नाही. आजी, तुमची चूक नाही.' मी ती दवाखान्याच्या पायरीवर उभी राहून चारदा वाचली. मग मात्र रडले.

तुझं वाकणं मी केलं नाही हे खरं. पण दुखत होतं तेव्हा तू मला सांगू शकली नाहीस, ते मीच केलं.

आता माझं ऐक. त्या रामनवमीला माझा सूर उतरला, कारण मला पेटी ऐकू येत नव्हती. त्या दिवसापासून नव्हे, त्याच्याही आधी तीन वर्षं. उजवा कान आधी गेला, मग डावा. मी कुणाला सांगितलं नाही. मुकुंदरावांच्या बोटांकडे बघून सूर धरायची. काळी दोन दाबली की कळायचं. त्यांच्या ते लक्षात आलं होतं, म्हणून ते पेटी माझ्याकडे तिरकी करून ठेवायला लागले. आम्ही दोघं त्यावर एक शब्दही बोललो नाही. लोक म्हणायचे, दुर्गाबाई डोळे मिटत नाहीत, किती सावध गातात! त्या तीन वर्षांत मला मंडपभर माणसांत जितकं एकटं वाटलं, तितकं इथे या बहिऱ्या खोलीत वाटत नाही.

त्या दिवशी संग्रामसिंहांनी मध्यंतरात घातलेला हार जाडजूड होता. त्यामुळे खालची पेटी दिसली नाही. तू मागून मोठ्यानं गायलीस हे मला तुझ्या तोंडाकडे वळून बघितल्यावर कळलं, आणि सगळ्यांनाही कळलं असं वाटलं. तू मला घालवलं नाहीस. तुला ऐकू येत होतं, हेच मला सहन झालं नाही. एकोणीस वर्षांच्या पोरीवर राग काढून मी पळून आले. याची क्षमा मागायला अडीच वर्षं लागली, ती आता मागते.

बुवांचंही सांगून टाकते. तापात दोन तास उभे राहत असं मी तुला लिहिलं. त्यानंतर आठ दिवस त्यांना दोघं धरून न्हाणीत नेत, हे लिहिलं नाही. असलं कुणी सांगत नाही.

बस, सिमू. बसून कीर्तन कर. कुणी विचारलं तर सांग, दुर्गाबाईंनी सांगितलंय. शास्त्र काय म्हणतं ते मला ठाऊक नाही. मी तुझी गुरू आहे, आणि मी सांगते आहे.

टपाल वेळेत पोचो.

तुझी,
दुर्गाआत्या


ग्वाल्हेर,
२१ डिसेंबर २०२४

आत्याआजी,

तुमचं पत्र एकोणीस तारखेला पोचलं. पुष्करकाकांना नुसता एक मेसेज टाकायला सांगितलं असतंत तर चाललं असतं, पण तुम्हाला ते सुचणार नाही हेही मला ठाऊक आहे. आणि आत होतं ते फोनवर मावण्यासारखं नव्हतंच.

चौदा तारखेचं सांगते.

मंडप भरला होता. पूर्वरंगाला उभी राहिले. पंधराव्या मिनिटाला मुंग्या, विसाव्याला दात. शालिनीताई खरंच अगदी पुढे बसल्या होत्या, माझ्या चेहऱ्याकडे टक लावून. मला कळत होतं की त्या कशाची वाट बघताहेत. जरा डोळे पाणावले की त्या शेजारणीला कोपर मारायच्या. कसाबसा पूर्वरंग संपवला. बुक्का झाला, संग्रामसिंहकाका हार घेऊन आले. या वेळी मी वाकले नाही, म्हणून त्यांनी हात उंच करून हार घातला आणि ते माझ्या पायांशी वाकायला लागले. सगळा मंडप उठून रांगेत उभा राहायला लागला. मला पुन्हा ते सगळे हात दिसले.

मी म्हटलं, 'काका, पाया नका पडू. मला काही भाव-वाव येत नाही. माझी पाठ दुखतेय.'

ते अर्धे वाकलेले तसेच थांबले. म्हणाले, 'म्हणजे? गणपतीत पण?'

'हो काका. गणपतीत पण. माझा कणा वाकडा आहे. मला खुर्ची मिळेल का?'

माइक चालूच होता. शालिनीताई मोठ्यानं म्हणाल्या, 'अग, पण मी गावभर सांगितलं!' कुणी हसलं नाही. मागून आवाज आला, 'गादीवर खुर्ची?' मी आईकडे बघितलं, तिनं मान खाली घातली होती. बाबा माझ्याकडे बघत होते, आणि मला वाटतं त्यांना तेव्हा दुधाचे पेले आठवत होते. इतकी माणसं होती आणि मला कुठे जाऊन उभं राहावं कळेना. मग मुकुंदराव पेटीवरून उठले. कीर्तन चालू असताना त्यांना उठलेलं मी कधी पाहिलं नाही. गुडघ्यावर हात टेकत मागे गेले, म्हाताऱ्यांसाठी ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांतली एक घेऊन आले, गादीवर ठेवली आणि परत जाऊन सूर दिला.

मी बसले. मंडळानं प्रसाद तेव्हाच वाटायला घेतला, त्यामुळे बरेच जण घेऊन निघून गेले. उत्तररंगाला नऊ जण होते. त्यांत आई-बाबा आणि चपला सांभाळणारे काका. कळ होतीच, पण ती लपवायची नव्हती, म्हणून आवाज मोकळा लागला. पूर्ण आख्यान केलं. काही गाळलं नाही.

परवानगीशिवाय बसले, गुरूची आज्ञा मोडली, हे पाच दिवस मनात घेऊन फिरत होते. मग तुमचं पत्र आलं आणि त्यावर सहा तारीख. म्हणजे मी बसले तेव्हा तुमचा होकार वाटेत कुठेतरी होता.

तुमचं पत्र घेऊन मुकुंदरावांकडे गेले. विचारलं, तुम्हाला गणपतीत कळलं होतं का? म्हणाले, 'भावात कोणी दात आवळत नाही, बेटा.' मी म्हटलं, मग बोलला का नाहीत? बराच वेळ भात्यावरची धूळ पुसत राहिले. 'दुर्गाबाईंच्या वेळी पण नाही बोललो. मला वाटून राहिलं होतं, सूर धरून ठेवला की आपलं काम झालं.' मग तुमचं पत्र वाचलं, चष्मा काढला आणि मला चहा न विचारताच आत निघून गेले.

रामनवमीचं कीर्तन मंडळानं इंदूरच्या बुवांना दिलंय. बाबांनी वर्तमानपत्रात बघत बघत सांगितलं. शालिनीताई बाजारात दिसल्या तर दुकानात शिरतात. आलेलं एक स्थळ गप्प झालं. आई दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी गरम पाण्याची पिशवी घेऊन आली आणि दार उघडंच ठेवून माझ्याजवळ बसली. ऑफिसात मी अजून फायलींच्या खोलीतच पडते, पण आता दार लावत नाही. तरी आत कुणी येत नाही.

खरं सांगितल्यावर हलकं वाटतं म्हणतात. पाठ आहे तशीच आहे, आणि घरात झांज हातात घेतली की कुणासाठी वाजवू ते कळत नाही. एवढं तुम्हालाच सांगू शकते.

तुमची,
सिमू


मिरज,
६ जानेवारी २०२५

चि. सिमू,

मुकुंदरावांना सांग, त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांनी पेटी तिरकी केली नसती तर मी तीन वर्षं आधीच खाली बसले असते. कदाचित ते बरं झालं असतं, पण ते आता कुणाला ठाऊक.

नऊ जण म्हणजे कमी नाहीत. माझ्या पहिल्या कीर्तनाला सात होते आणि त्यांतले दोघे झोपले होते.

पुष्करला ग्वाल्हेरचं तिकीट काढायला सांगितलं आहे. तो नको नको म्हणत होता. मी ऐकलं नाही. बहिरेपणाचा तेवढा एक फायदा आहे. थंडी सरली की येते. रामनवमीला देवळात इंदूरच्या बुवांचं चालू दे, आपण आपल्या घरी करू. दुपारी बाराला तू सुरू कर, पूर्ण, पूर्वरंगापासून. मी समोर बसेन. मला एक अक्षर ऐकू येणार नाही, म्हणून आवाज चोरू नकोस. मुकुंदरावांची पेटी मला दिसेल अशी ठेवा. तुझं चुकलं तर मी बोटांवरून ओळखेन आणि रागावेन. मध्यंतरात हार मी घालणार. तू वाकायचं नाहीस, मी उठून येईन. आणि पाया पडायच्या आधी विचारेन, कुठे दुखतंय ते.

दोन खुर्च्या ठेव. एक तुला, एक मला. मलाही आता मांडी घालता येत नाही.

शेला ट्रंकेतून काढून ठेव. कमरेला बांधायचा नाही. घडी करून तुझ्या खुर्चीच्या पाठीला लावू, मऊ लागेल.

येते.

दुर्गाआत्या